सायलेन्सर कापण्याआधी



आपल्या एरोमॉडेलिंग कक्षात शिरलात की डाव्या हाताच्या भिंतीवर एक मोडका पिवळा पंख टांगलेला दिसतो. टोकाकडे चेपलेला, मधली लाकडी कमान बाहेर आलेली. दरवर्षी नव्याने येणारे छात्र विचारतात, "सर, हा पंख कशाने मोडला?" मी सांगतो, "सायलेन्सरने." मुलांना वाटते, सर चेष्टा करताहेत. पण ते उत्तर अगदी खरे आहे, आणि ते समजावून सांगण्यासाठीच हा पाठ लिहीत आहे.

तो पंख आपल्या पहिल्या हार्वर्डचा. हार्वर्ड हे स्वातंत्र्यानंतरही अनेक वर्षे आपल्या हवाई दलाच्या वैमानिकांना शिकवणारे विमान. खऱ्या हार्वर्डच्या पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत सुमारे १२.८ मीटर. आपले मॉडेल एक-अष्टमांश मापाचे, म्हणजे १.६ मीटरचे. इंजिन १० सीसीचे, टू-स्ट्रोक, ग्लो प्लगवर चालणारे. इंधन मिथेनॉल आणि एरंडेल. आजीने पाजलेले एरंडेल ज्यांना आठवत असेल त्यांना मैदानावरचा तो वास ओळखीचा वाटतो.

एक्झॉस्टला हात का लावावा लागतो

साध्या सरावाच्या मॉडेलमध्ये इंजिन उघडे असते आणि सायलेन्सर बाजूला लोंबत असतो. त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. हुबेहूब मापाच्या मॉडेलमध्ये मात्र हा डबा डोळ्यांत खुपतो. खऱ्या हार्वर्डच्या नाकाशी अशी ॲल्युमिनियमची डबी नाही. तिथे प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचे नऊ सिलिंडरांचे, ६०० अश्वशक्तीचे गोल इंजिन आहे. नऊही सिलिंडरांचा धूर एका गोल नळीत गोळा होतो आणि उजव्या बाजूने एकाच पाइपातून बाहेर पडतो. मॉडेल पाहणारा जाणकार आधी तो उजवीकडचा पाइप शोधतो.

आता आपल्या इंजिनाची अडचण पाहा. असे बाजूला तोंड असलेले टू-स्ट्रोक इंजिन सरळ उभे बसवले, तर विमानाच्या मागून पाहताना एक्झॉस्टचे तोंड उजवीकडे येते. उलटे बसवले तर डावीकडे येते. सिलिंडर उजवीकडे आडवा केला तर तोंड जमिनीकडे होते. आमच्या मॉडेलच्या काउलिंगमध्ये सिलिंडर उजवीकडे आडवा ठेवल्यावरच इंजिन नीट मावत होते. म्हणजे धूर खाली निघणार, आणि आम्हाला तो उजवीकडे हवा. मध्ये वाकडी नळी, म्हणजे हेडर, घालणे भाग होते. सायलेन्सर काउलिंगच्या आत लपवायचा आणि त्यातून एक शेपटी उजवीकडे बाहेर काढायची. योजना कागदावर सोपी होती.

मी ती एका संध्याकाळी उरकली, आणि तिथेच चुकलो.

सायलेन्सर फक्त आवाज कमी करत नाही

आपल्याकडे स्कूटरपासून ट्रकपर्यंत सगळ्यांच्या एक्झॉस्टला सायलेन्सरच म्हणतात. केरळचा छात्र असो की आसामचा, कार्यशाळेत हा शब्द सर्वांना कळतो. पण नावामुळे एक गैरसमज होतो, की याचे काम फक्त आवाज दाबणे, आणि इंजिनाच्या दृष्टीने ते शेवटचे टोक आहे. मॉडेलच्या टू-स्ट्रोक इंजिनात तो चार कामे करतो.

पहिले काम धुराला वाट देणे. मिनिटाला ११,००० फेरे या वेगाने फिरणाऱ्या इंजिनाचा एक फेरा साधारण साडेपाच हजारांश सेकंदात संपतो. त्यातले सुमारे १४५ अंश एक्झॉस्टचे दार उघडे असते असे धरा. म्हणजे जळालेला वायू बाहेर जायला जेमतेम दोन हजारांश सेकंद मिळतात. टू-स्ट्रोकमध्ये त्याच वेळात दुसऱ्या दारातून ताजे मिश्रण आत येत असते. जुना पाहुणा दारात अडून राहिला तर नवा आत येणार कसा? पाइप अरुंद झाला, लांबला किंवा फार वळला की उलटा दाब वाढतो, जळका गरम वायू सिलिंडरमध्ये मागे राहतो, शक्ती घटते आणि तापमान चढते.

दुसरे काम आवाजाचे. धूर सलग वाहत नाही, तो ठोक्यांनी येतो. ११,२०० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे १८७ ठोके. सायलेन्सरचा डबा या ठोक्यांना फुगायला जागा देतो आणि बाहेर जाणारा प्रवाह गुळगुळीत करतो. डब्याची जागा कमी केली तर आवाज वाढतो. फक्त तोंड बारीक करून आवाज दाबू गेलात तर पहिले काम बिघडते.

तिसरे काम नवीन मुलांना ठाऊक नसते. सायलेन्सरवर एक छोटी तोटी असते. तिथून एक नळी इंधनाच्या टाकीत जाते. सायलेन्सरमधला दाब टाकीतल्या इंधनाला कार्ब्युरेटरकडे ढकलतो. म्हणून एक्झॉस्ट बदलला की टाकीतला दाब बदलतो, दाब बदलला की मिश्रण बदलते. धुराची नळी कापताना आपण नकळत इंधनाच्या नळीलाही हात लावत असतो.

चौथे काम तेल बाहेर टाकण्याचे. आपल्या इंधनात जवळजवळ पाचवा भाग एरंडेल असते, आणि त्यातले बहुतेक न जळता बाहेर येते. ३०० मिलिलिटरच्या एका टाकीमागे ५०–६० मिलिलिटर तेल. ते कुठेतरी जाणारच. सांधा गळका असेल तर ते काउलिंगच्या आत फायरवॉलच्या प्लायवुडमध्ये मुरते आणि काही महिन्यांत गोंद सोडवते.

माझी संध्याकाळ

दुसऱ्या दिवशी पालक येणार होते आणि हार्वर्ड उडवून दाखवायचे होते. मूळ सायलेन्सरच्या तोंडाचा आतला व्यास ९ मिलिमीटर होता. पेटीत पितळेची एक नळी पडली होती, आतून ७ मिलिमीटरची. तीच मी वापरली. सुमारे २० सेंटिमीटर लांब, दोन ठिकाणी वाकवलेली. बाहेर दिसणाऱ्या टोकावर पातळ पत्र्याचे जाड नळकांडे चढवले, त्यामुळे बाहेरून पाइप अगदी खऱ्या हार्वर्डसारखा दिसत होता. आतली नळी कोण पाहतो?

९ आणि ७ यात दोनच मिलिमीटरचा फरक आहे असे वाटते. पण वायू व्यासातून वाहत नाही, क्षेत्रफळातून वाहतो. ९ मिलिमीटरचे क्षेत्रफळ सुमारे ६४ चौरस मिलिमीटर. ७ चे सुमारे ३८. म्हणजे मी धुराची ४० टक्के वाट बंद केली होती. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र मी तुमच्यापैकी कित्येकांना शिकवले आहे. त्या संध्याकाळी मला ते आठवले नाही.

बाकावर इंजिन चालवले. १२ × ६ इंचांचा प्रॉपेलर जुन्या सायलेन्सरवर ११,२०० फेरे घेत होता. आता टॅकोमीटर १०,६०० दाखवू लागला. मी स्वतःची समजूत घातली की हवा दमट आहे. इंजिन जरा जाड मिश्रणावर चालल्यासारखे वाटत होते. ते वाटणारच होते, कारण टाकीतला दाब वाढला होता. मी नीडल आत फिरवली, मिश्रण पातळ केले आणि १०,९०० वर आणले. मग काउलिंग बंद केली. टाकीकडून येणारी इंधनाची नळी नव्या पाइपापासून बोटभर अंतरावरून जात होती, तिकडे लक्षच गेले नाही.

सकाळी उड्डाण छान झाले. पहिले वळण झाले. दुसऱ्या चढाला इंजिनाचा आवाज चिरका झाला, मग बसका, आणि साधारण २० मीटर उंचीवर ते बंद पडले. अशा वेळी नियम एकच: नाक खाली, सरळ समोर उतरा. मी तो नियम मोडला. सुंदर मॉडेल काटेरी झुडपांत घालवायचे जिवावर आले, म्हणून धावपट्टीकडे वळवले. हार्वर्डचा पंख टोकाकडे निमुळता. वेग कमी असताना वळवले की एक पंख एकदम खाली पडतो. तसाच पडला. विमान कोलांटी घेऊन सीमारेषेजवळ आदळले. तिथे उभ्या असलेल्या आठवीच्या मुलांपासून ते अंतर पंधरा पावलांचे होते.

कोणाला काही झाले नाही. पण ती पंधरा पावले मी नंतर स्वतः मोजली. पालक टाळ्या वाजवायला आले होते आणि मैदान एकदम शांत झाले होते, हेही माझ्या लक्षात आहे.

अकरावीतल्या छात्राचा प्रश्न

संध्याकाळी आम्ही अवशेष बाकावर मांडले. पिस्टनवर करपलेल्या एरंडेलाचा तपकिरी थर होता, म्हणजे इंजिन फार तापले होते. इंधनाची नळी पाइपाच्या बाजूने मऊ पडली होती. मिथेनॉल सुमारे ६५ अंश सेल्सियसला उकळते, त्यामुळे तिथे नळीत बुडबुडे झाले असण्याची शक्यता होती. काउलिंगमधून गरम हवा बाहेर जायची वाट पाइपाने अर्धी अडवली होती. आणि नीडल पातळ केलेली होतीच.

अकरावीतला एक छात्र हे सगळे वहीत उतरवत होता. त्याने विचारले, "सर, यातलं नेमकं कोणत्या कारणानं इंजिन बंद पडलं?"

मला उत्तर देता आले नाही. मी एका संध्याकाळी पाइप, मिश्रण, काउलिंग आणि नळीची वाट या चारही गोष्टी बदलल्या होत्या. एकेक बदलली असती तर दोषी कोण ते बाकावरच कळले असते, तेही विमान न मोडता. त्या प्रश्नानंतर आपल्या कक्षात एक नियम झाला आहे: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर आकडा वहीत.

१०,६०० हा आकडाही मला आधीच सांगत होता. प्रॉपेलर तोच असेल तर ओढ साधारण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात बदलते. ११,२०० वरून १०,६०० म्हणजे फेरे पाच टक्क्यांच्या आसपास कमी. ऐकायला किरकोळ. पण घन करून पाहा: शक्ती १५ टक्के गेली. ती शक्ती बाहेर पडत नव्हती, म्हणजे काहीतरी आत अडत होते. टॅकोमीटर बरोबर होता. मला त्याचे ऐकायचे नव्हते.

दुसऱ्या वेळी आम्ही काय केले

दुसरा हार्वर्ड बांधायला एक सत्र गेले. या वेळी एक्झॉस्टचे काम पुढील क्रमाने केले. तुम्ही कोणतेही मॉडेल घ्या, क्रम हाच ठेवा.

१. मूळ आकडा. कारखान्यातून आलेल्या सायलेन्सरवर, काउलिंगशिवाय, ठरलेला प्रॉपेलर, ठरलेला प्लग आणि एकाच डब्यातले इंधन घेऊन फेरे मोजले: ११,२००. हा आपला मापदंड.

२. हेडर. वाकडी नळी एक्झॉस्टच्या तोंडापेक्षा कुठेही अरुंद होऊ द्यायची नाही. वळण शक्य तितके मोठ्या त्रिज्येचे. नळी वाकवताना आत कोरडी बारीक वाळू गच्च भरली तर ती चेपत नाही. पोलादी कडी आणि नळी यांचा सांधा कथील-शिशाच्या झाळणीने कधीही करू नका. ती झाळण १८३ अंशांच्या आसपास वितळू लागते आणि धूर त्याहून खूप गरम असतो. इथे चांदीची झाळण लागते, तीही कॅडमियम नसलेली, आणि ते काम कार्यशाळेतल्या शिक्षकांसमोर, उघड्या हवेत करायचे. हेडर जोडून मूळ सायलेन्सरवर पुन्हा मोजले: ११,१००.

३. शेपटी. आतला व्यास १० मिलिमीटर, म्हणजे मूळ तोंडापेक्षा किंचित मोठा, कारण नळी लांब आहे. शक्य तितकी आखूड, एकच वळण. मोजले: ११,०५०. दाबाची तोटी शेपटीवर न बसवता डब्यावरच ठेवली. डब्यात दाब त्या मानाने स्थिर असतो, निमुळत्या नळीत तो धावत्या वायूबरोबर खालीवर होतो.

४. सांधे. हेडर आणि सायलेन्सर यांच्यामध्ये उष्णता सोसणारी सिलिकॉनची जाड नळी घातली. इंजिन थरथरते, सगळे घट्ट धातूला धातू जोडले तर कुठेतरी तडा जातो. मात्र सिलिकॉनच्या आत धातूची दोन्ही टोके जवळजवळ भिडलेली हवीत. मध्ये मोठी फट ठेवली तर गरम धूर थेट सिलिकॉनवर येतो आणि ते जळते. सायलेन्सरचे ओझे सांध्यावर लोंबू न देता त्याला वेगळा आधार दिला. ॲल्युमिनियम तापले की पोलादापेक्षा साधारण दुप्पट प्रसरण पावते, म्हणून सायलेन्सरचे बोल्ट पहिल्या काही फेऱ्यांत सैल होतात. प्रत्येक वेळी इंजिन गार झाल्यावर ते तपासायचे.

५. हवेची वाट. काउलिंगच्या पुढून हवा येते तितकीच ती मागून जायला हवी, आणि तापलेली हवा फुगलेली असते. म्हणून बाहेरची वाट आतल्या वाटेच्या किमान दीड ते दोनपट ठेवली. पुढच्या गोल तोंडाचा बराचसा भाग आतून पातळ प्लायने झाकला, म्हणजे येणारी हवा इकडेतिकडे न भटकता सिलिंडरच्या पात्यांवरून जाते. इंधनाची नळी पाइपाच्या विरुद्ध बाजूने नेली.

६. बंद काउलिंगची परीक्षा. काउलिंग लावून पूर्ण वेगावर तीन मिनिटे. शेवटी आकडा ११,००० होता आणि तिथेच टिकून होता. मग मॉडेल मागून धरून नाक वर केले, अर्ध्या काटकोनापेक्षा जास्त, आणि १५ सेकंद थांबलो. आवाज बसला नाही. नाक वर केल्यावर फेरे पडू लागले तर मिश्रण पातळ आहे. नीडल थोडी बाहेर काढायची. जमिनीवर सर्वांत जास्त फेरे देणारी जागा ही नीडलची जागा नव्हे. तिथून दोन-तीनशे फेरे उतरवून जाड बाजूला थांबायचे, कारण हवेत प्रॉपेलरचे ओझे हलके होऊन इंजिन आणखी पळते.

७. तोल. नवे हेडर, शेपटी आणि आधार यांचे वजन ६० ग्रॅम झाले आणि ते गुरुत्वमध्याच्या २० सेंटिमीटर पुढे होते. एखाद्या लांब नाकाच्या विमानात ते तोलायला ७० सेंटिमीटर मागे, शेपटाशी, १७ ग्रॅम घालावे लागले असते. हार्वर्डचे नाक आखूड असल्यामुळे तिथे आधीच शिसे घातलेले होते. त्यातलेच ६० ग्रॅम आम्ही काढून टाकले. पाइपाचे वजन फुकटात बसले.

११,२०० पासून ११,००० पर्यंत एकूण घट २०० फेऱ्यांची. घन केला तर सुमारे पाच टक्के शक्ती. दिसण्यासाठी दिलेली ही किंमत आम्हाला परवडणारी वाटली. तुमची किंमत तुम्ही ठरवा, पण ती आकड्यात माहीत असू द्या.

आवाजाबद्दल थोडे

बरेच छात्र मला विचारतात, "सर, पाइप बदलून खऱ्या हार्वर्डसारखा आवाज काढता येईल का?" एक गंमत सांगतो. खरे इंजिन पूर्ण शक्तीवर २,२५० फेरे फिरते. नऊ सिलिंडर, फोर-स्ट्रोक. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. हिशेब केलात तर सेकंदाला सुमारे १६९ ठोके येतात. आपले एका सिलिंडरचे टू-स्ट्रोक १८७ देते. म्हणजे ठोक्यांची संख्या जवळजवळ सारखी! तरीही आवाज सारखा येत नाही, कारण हार्वर्डची ती प्रसिद्ध किंकाळी पाइपातून येतच नाही. ती प्रॉपेलरच्या टोकांची आहे. ९ फुटांचा प्रॉपेलर २,२५० फेऱ्यांना फिरला की टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ३२३ मीटर होतो, ध्वनीच्या वेगाच्या अगदी जवळ. आपल्या १२ इंची प्रॉपेलरचे टोक १७९ मीटरवरच असते.

यातून कामाची गोष्ट अशी, की मॉडेलचा आवाज कमी करायचा असेल तर सगळा भार सायलेन्सरवर टाकू नका. थोडा मोठा प्रॉपेलर लावून फेरे कमी करा. दोन पात्यांचा प्रॉपेलर एका फेऱ्यात हवेला दोनदा कापतो, तोही आवाजच आहे. मैदानाच्या पलीकडे वस्ती आहे, तिथे परीक्षेचा अभ्यास करणारी मुले आहेत. सायलेन्सर काढून इंजिन मोकळे चालवण्याला आपल्या कक्षात परवानगी नाही, एका मिनिटासाठीही नाही.

न मोडायचे नियम

मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. इंधन सांडलेले असताना गरम पाइपाजवळ हात नेऊ नका. आग दिसली नाही तरी ती असू शकते. मिथेनॉल विषारी आहे आणि त्वचेतूनही शरीरात जाते, म्हणून हातमोजे घाला आणि तोंडाने नळी ओढू नका. बंद खोलीत इंजिन चालवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. नीडल फिरवायची ती प्रॉपेलरच्या मागे उभे राहून. प्रॉपेलरच्या पातळीत, म्हणजे तो जिथे फिरतो त्या रेषेत, कोणीही उभे राहायचे नाही. आणि इंजिन बंद पडले तर सरळ समोर उतरायचे. मॉडेल झुडपात गेले तरी चालेल.

पालकांसाठी

सुट्टीत घरी आलेला मुलगा स्कूटरच्या सायलेन्सरकडे टक लावून पाहू लागला तर घाबरू नका. पण त्याला विचारा, "बदल करायच्या आधी मोजलंस का?" घरी सुट्या भागांसाठी पैसे मागणारे पत्र आले तर त्यासोबत वहीच्या पानाची प्रत मागा. आकडे असतील तर मागणी विचार करण्याजोगी आहे असे समजा. प्रेक्षकांची रेषा आता धावपट्टीपासून पूर्वीपेक्षा दुप्पट अंतरावर आहे. प्रात्यक्षिक पाहायला आलात आणि मॉडेल लांबून बारीक दिसले, तर कारण तुम्हाला आता माहीत आहे.

पुढचे मॉडेल

येत्या सत्रात आपण एचटी-२ बांधायला घेणार आहोत. डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली बेंगळुरूला तयार झालेले आणि १९५१ साली पहिल्यांदा उडालेले हे भारतीय प्रशिक्षण विमान. त्याचे इंजिन चार सिलिंडरांचे, एका ओळीत, उलटे टांगलेले. म्हणून नाक अरुंद आणि लांबट. हार्वर्डच्या गोल काउलिंगमध्ये मिळाली तशी ऐसपैस जागा इथे नाही. सिलिंडर उलटा बसवावा लागेल, मग एक्झॉस्ट डावीकडे येईल. सायलेन्सर कुठे लपवायचा, हवा कुठून काढायची आणि इंधनाची नळी पाइपापासून लांब कशी ठेवायची, हे तीन प्रश्न मी तुमच्यासाठी सोडतो आहे.

आकृती काढून आणा. पहिल्या रविवारी सकाळी कक्ष उघडा असेल. इंजिन, टॅकोमीटर आणि कोरी वही बाकावर ठेवलेली असेल. करवत मात्र कपाटात कुलपात असेल. तिची किल्ली मूळ आकडा वहीत लिहिल्यावरच मिळेल.